अठ्ठावीस वर्षांच्या डब्याचे मंगलस्नान

भाद्रपद वद्य चतुर्थी, मंगळवार

पितृपक्षात नव्या कामाचा आरंभ करू नये, हे मला ठाऊक आहे. परंतु संभाजीनगरच्या एका न्यासाच्या ग्रंथालयातील शीतल नावाच्या तरुण ग्रंथपालबाईंना ते ठाऊक नाही, आणि त्यांनी बोलावले ते आजच. दोन लोखंडी पेट्या भरून हस्तलिखित पोथ्या त्यांच्याकडे आल्या आहेत. अक्षर जुन्या वळणाचे, शाई विटलेली, पाने विस्कटलेली. ती लावायची, वाचायची आणि कोणती पोथी कोणत्या विषयाची याची सूची करून द्यायची. बाईंनी तिघा विद्वानांना दाखवून पाहिले. तिघांनीही हात टेकले. मग कोणीतरी माझे नाव सुचवले. गतकाळातील लेखकांचे अक्षर वाचणे हे एक प्रकारचे तर्पणच होय, सबब पक्षाचा दोष लागत नाही, असा निर्णय मी मनाशी देऊन टाकला.

घरचा निवाडा इतका सोपा झाला नाही. माझा मुलगा भारत जुन्या जालन्यातील आपले कापडाचे दुकान बंद करून जेवायला बसला होता. म्हणाला, “अण्णा, शहात्तर वर्षांचं वय तुमचं. रोज अप-डाऊन म्हंजे काय खेळ हाय का? मागच्या हिवाळ्यात खोकल्यानं पंधरा दिवस दवाखान्यात काढले, इसरले का?” मी म्हणालो, सव्वा तासाचा प्रवास; बसून जायचे, बसून यायचे. अखेर त्याने मुदत घातली. “दसऱ्यापर्यंत जाऊन बघा. गाडी धड असली, तब्येत धड राह्यली, तर पुढचं बोलू. न्हाई तर दसऱ्याला बिलकुल बंद.”

आता गाडीविषयी. ती सकाळी साडेसातला जालन्याहूनच सुटते आणि संध्याकाळी परत येऊन रात्रभर येथेच उभी राहते. शेवटून तिसऱ्या डब्यात मी पाय ठेवला. पादत्राणाखाली शेंगांची टरफले कुरकुरली. आसनाचे रेक्झीन फाटून आतील काथ्या बाहेर आला होता. खिडकीच्या गजावर कोणे एके काळी रंग होता, असे अनुमानाने सिद्ध करता येत होते; प्रत्यक्ष प्रमाण उरले नव्हते. कोपऱ्यांत तांबड्या पिचकाऱ्यांचे थर होते. पोथीतील शाईप्रमाणे त्यांतही जुना हात कोणता आणि नवा कोणता, हे मला सहज ओळखता आले. शौचालयाविषयी लिहीत नाही. ही वही देवघरातच ठेवायची आहे.

योगशास्त्रातील नियमांत शौच पहिले आणि संतोष दुसरा. चौतीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकवताना हा क्रम मी मुलांकडून घोकून घेतला. आज प्रथमच प्रश्न पडला की, पहिला जेथे संभवतच नाही, तेथे थेट दुसऱ्यावर जाता येते काय?

पोथ्या मात्र अप्रतिम आहेत. आज केवळ चार पाने लावली.

वद्य पंचमी, बुधवार

संध्याकाळी सून मीना धोतर वाळत घालताना म्हणाली, “मामा, पोथ्यांला ग्रीस लावत्यात का हो?”

मी ऐकले नाही असे दाखवले. वयाचा हा एक लाभ आहे.

भारतने विचारले, “गाडी कशी हाय?”

“वेळेवर असते,” मी म्हणालो.

यात असत्य नाही. परंतु ज्या सत्याचा एक पाय जाणूनबुजून दुमडून ठेवला आहे, त्याला पूर्ण सत्य म्हणावे की नाही, याचा निर्णय होईना. सावधगिरी म्हणून एक माळ जप अधिक केला.

वद्य सप्तमी, शुक्रवार

धोतर आज स्वतः धुतले. मी न मागताच मीनाने साबण पुढे केला. तिला कसे कळले, देव जाणे.

वद्य अष्टमी, शनिवार

डब्यातील मंडळींचा परिचय झाला. नित्य जाणाऱ्यांचे हे एक लहानसे गावच आहे. राधेश्याम शहरातील एका गोदामात लिखापढीचे काम करतो. बोलणे अखंड, विषयाचे बंधन नाही. दैवशाला परिचारिका आहे. तिची पाळी नऊला सुरू होते. गयासोद्दीन कारखान्यात वेल्डर आहे. पांढरी दाढी, पांढरी टोपी. सत्तावीस वर्षे याच गाडीने जातो.

मी आसनावर गोमूत्र शिंपडून त्यावर धाबळीचा तुकडा अंथरला. लोकर विटाळ धरत नाही, असे शास्त्रकार सांगतात. दैवशाला पाहत होती. म्हणाली, “गुर्जी, जंतू समद्यात जास्त लोकरच धरती. आमच्याकडं वॉर्डात घोंगडी आणू देत न्हाईत.”

मी म्हणालो, “जंतू हा निराळा विषय, विटाळ हा निराळा.”

“व्हय का? मंग ते दोघं एकाच शिटावर कसे काय बसून राह्यले?”

सगळा डबा हसला. मीही हसलो, वादात प्रतिपक्षाला श्रेय द्यावे.

उतरताना गयासोद्दीनने एक मौलिक माहिती दिली. डब्याच्या अंगावर जो लांब क्रमांक रंगवलेला असतो, त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डब्याचे जन्मवर्ष. आमच्या डब्यावर पंच्याण्णव आहे. म्हणजे अठ्ठावीस वर्षे.

“आल्ता तवा नवरीसारखा व्हता, गुर्जी,” तो म्हणाला. “हिरव्या गाद्या, पंख्याला जाळी. मी ह्याच खिडकीत बसून शादीला गेल्तो.”

मी म्हणालो, “ज्याचे वय झाले, त्याने सन्मानाने निवृत्त व्हावे. माणसालाही वानप्रस्थ सांगितलेला आहे. लोखंडाला का नसावा? वयोवृद्ध डबे रुळांवरून उतरवलेच पाहिजेत.”

गयासोद्दीन म्हणाला, “वय नका काढू, गुर्जी. वयावरून उतरवायला लागले, तर डब्यात बसायला कोण राहील?”

बिचाऱ्याचा डब्यावर फार जीव आहे. तर्क मात्र सैल.

वद्य दशमी, सोमवार

तक्रार लिहिली. दोन पाने झाली. मंडळींच्या आग्रहावरून मोठ्याने वाचून दाखवली.

“महोदय, आपल्या आधिपत्याखालील सदर यान अष्टाविंशति वर्षांचे झाले असून, त्यातील आसनांची, गवाक्षांची आणि विशेषतः मलमूत्रविसर्जनकक्षाची अवस्था अशी आहे की, तेथे बसता बसता मनुष्यास पूर्वजन्मीची पातके आठवावीत…”

राधेश्याम म्हणाला, “गुर्जी, पत्र एक नंबर झालं. खाली एवढंच लिहा, का डबा घाण हाय. न्हाई तर सायबाला वाटंल, कुणाची पत्रिका आली.”

लिहिले. एकेचाळीस सह्या झाल्या. गयासोद्दीननेही केली, पण सगळ्यांत शेवटी, आणि उर्दूत. राधेश्यामने म्हटले, “चाचा, हे वाचणार कोण?” तो म्हणाला, “ज्याला डब्याची दया आली, तो वाचंल.”

वद्य एकादशी, मंगळवार

उपवास. गाडी सुटण्यापूर्वी सफाई करणारी नंदाबाई भेटली. चाळिशीची, किडकिडीत, कमरेला पदर घट्ट खोचलेला. मी तिला स्वच्छतेचे माहात्म्य थोडक्यात सांगितले. थोडक्यात म्हणजे पहिली घंटा होईपर्यंत.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “गुर्जी, बारा डबे, एक खराटा, आन् हे दोन हात. सहाला आत सोडत्यात, सातला मान्सं चढाया लागत्यात. तुमीच सांगा, कोन्ता डबा धुवू आन् कोन्ता सोडू?” आणि थोडे थांबून, “तुमी कागद धाडला म्हनं. मुकादम म्हनून राह्यला, चौकशी आली का पैलं नाव माझंच काटणार.”

मी तिला धीर दिला. तक्रार व्यवस्थेविरुद्ध आहे, व्यक्तीविरुद्ध नाही, हा भेद उदाहरणे देऊन स्पष्ट केला. तिला तो पटलेला दिसला नाही. खराटा उचलून पुढच्या डब्यात गेली.

दिवसभर पोथीत लक्ष लागले नाही. उपवासामुळे असावे.

सर्वपित्री अमावास्या, शनिवार

भारतने जेवताना पुन्हा विचारले, “डबा साफ असतो ना? धूळबिळ?”

मी म्हणालो, “खिडकीतून शेते फार सुंदर दिसतात. बदनापूरच्या पुढे तर विशेषच.”

मीनाला ठसका लागला. तिने पाणी प्यायले आणि भारतच्या ताटात न मागता आणखी एक वडा वाढला. त्यामुळे विषय तेथेच राहिला. वेळेवर ठसका लागणे हीही ईश्वरी योजनाच.

आश्विन शुद्ध तृतीया, मंगळवार

रेल्वे कार्यालयाचे उत्तर आले! आठ दिवसांत! “दि. २३ रोजी सकाळी आपल्या डब्याची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल.” मी पत्र तीनदा वाचले. पाहणी झाली की डबा बदलेल, डबा बदलला की भारतला जे सांगत आलो, ते सर्व पूर्वलक्षी प्रभावाने सत्य होईल. इतकी कोंडी सोडवणारे पत्र माझ्या आयुष्यात दुसरे आले नाही.

मंडळींना अजून सांगितलेले नाही. फळ हाती येण्याआधी त्याची वाच्यता करू नये. शिवाय साहेब अचानक डब्यात आले म्हणजे सर्वांची मुद्रा कशी होईल, ते पाहण्याचा मोह आहे. या वयातही आहे, हे नमूद करून ठेवतो. तेवीस म्हणजे दसऱ्यानंतरची कोणती तरी तिथी असावी. इंग्रजी तारखांशी माझा व्यवहार निवृत्तीपासून बंद आहे.

शुद्ध पंचमी, गुरुवार

राधेश्यामने आज प्रस्ताव मांडला. दरवर्षी खंडेनवमीला ही मंडळी डब्याची पूजा करतात. झेंडूची माळ, नारळ, पेढे. सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. यांचे हत्यार म्हणजे ही गाडी. “औंदा पूजा तुमच्या हातनं, गुर्जी. दरसाल आम्ही नुस्ता नारळ फोडतो आन् उतरतो. मंत्र कुणालाच येत न्हाई.”

मी पुरोहित नव्हे, केदारखेड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि शाळेतला मास्तर. परंतु विधी येतो. मी एकच अट घातली. स्नानावाचून पूजा नाही. देवाला आधी आंघोळ, मग गंध. या डब्याला हळदकुंकू लावायचे तर पिचकारीवर लावायचे काय? आधी डबा छतापासून पायरीपर्यंत धुतला पाहिजे.

मला वाटले, कुरकूर होईल. आश्चर्य असे की, सर्व एकदम तयार झाले. नंदाबाई मुकादमाकडून येऊन दारात उभी होती. तिने विचारले, “गुर्जी, नवमी किती तारखंला?”

मी म्हणालो, तारीख मला विचारू नकोस. अष्टमी रविवारी, नवमी सोमवारी.

तिने गयासोद्दीनकडे पाहिले. गयासोद्दीनने टोपी सारखी केली. दैवशालाने मोबाईलमध्ये काही पाहिले आणि ओठ दाबून खिडकीबाहेर बघू लागली.

“मंग रविवारीच धुऊ,” नंदाबाई म्हणाली. “रविवारी गाडी खडीच असती. पाइप मी आनते. पन बराबर धुवायचा, गुर्जी. पार चकाचक.”

तिची ही तळमळ पाहून मला माझ्या एकादशीच्या उपदेशाचे समाधान वाटले. शब्द वाया जात नाहीत.

शुद्ध अष्टमी, रविवार

हात दुखत आहेत, तरी लिहितो.

स्टेशनातून तोंडी परवानगी राधेश्यामने मिळवली. सकाळी आठला गेलो तो चौदा माणसे हजर! दोघे तर असे की, ज्यांना मी डब्यात केवळ झोपलेले पाहिले होते. गयासोद्दीनने कारखान्यातून तारेचे ब्रश आणले होते. दैवशालाने दवाखान्यातले ते उग्र वासाचे औषध आणले. मी घरून चिंच, रिठे आणि राख नेली होती. प्रारंभी माझी थोडी चेष्टा झाली, परंतु खिडकीचे पितळी खटके चिंचेने सोन्यासारखे उजळले, तेव्हा दैवशाला स्वतः म्हणाली, “गुर्जी, थोडी चिंच इकडं बी द्या.”

मी धोतराचा काचा मारून, गुडघ्यांवर बसून तिसऱ्या बाकाखालचा कोपरा घासला. पिचकाऱ्यांचे थर पोपड्यांसारखे निघत गेले आणि तळाशी मूळ रंग लागला. फिकट हिरवा. मी सर्वांना बोलावून दाखवला. पोथीवरची बुरशी पुसल्यावर अक्षर दिसावे, तसा तो दिसत होता. गयासोद्दीन कितीतरी वेळ वाकून पाहत होता. म्हणाला, “सांगितलं व्हतं ना, हिरवा?”

शौचालय नंदाबाईने धुवायला घेतले. तिला एकटीला सोडणे मला प्रशस्त वाटेना. मी बादली घेऊन दारात उभा राहिलो आणि पाणी देत राहिलो. शौच हा नियम मी आयुष्यभर शिकवला. आज प्रथम त्याची बादली उचलली.

राधेश्याम मोबाईलवर चित्रफीत घेत हिंडत होता. त्याला एक चिंधी द्यावी लागली.

एक वाजता डबा असा दिसू लागला की, पादत्राणे काढल्यावाचून आत पाऊल टाकवेना. धुळीने दोनदा खोकला आला, ज्येष्ठमध चघळला. धोतराविषयी मीनाने काहीच विचारले नाही. उकळत्या पाण्याचे पातेले आधीच चुलीवर होते.

शुद्ध नवमी, सोमवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण अजूनही मला त्यातून बाहेर पडता आलेले नाही.

सात वाजता पूजा मांडली. डब्याला झेंडूच्या माळा, दाराला आंब्याची पाने, खांबांना केळीचे खुंट. संकल्पाच्या वेळी अडचण आली. नाव काय घ्यायचे, गोत्र कोणते? नाव म्हणून क्रमांक उच्चारला. ज्याचे गोत्र ठाऊक नसते त्याचे काश्यप धरतात, म्हणून डबा काश्यपगोत्री झाला. गयासोद्दीन दूर उभा होता. मी त्याला म्हटले, “नारळ तुम्ही वाढवा. या डब्याला सर्वांत जास्त ओळखणारे तुम्ही.” त्याने टोपी नीट केली, मनात काही पुटपुटला आणि पायरीवर एका घावात नारळ फोडला.

आरतीचे ताट माझ्या हातात असताना फलाटावरून एक गृहस्थ आत आले. काखेत फाइल, गळ्यात ओळखपत्र. “तातेराव गुरुजी कोण? तुमची तक्रार होती. आज तेवीस तारीख, पाहणीला आलोय.”

क्षणभर आरतीतील ज्योत स्थिर आणि मी हलतो आहे, असे वाटले. आज! आज तेवीस!

साहेबांनी बाकावर हात फिरवून बोट पाहिले. खिडकीचा खटका वर-खाली केला. शौचालयाचे दार उघडले, आत डोकावले, आणि दीर्घ श्वास घेतला! मग माझे पत्र काढून वाचू लागले. “‘तेथे बसता बसता मनुष्यास पूर्वजन्मीची पातके आठवावीत…’ गुरुजी, मला तर इथं मांडी घालून जेवावंसं वाटतंय.”

मंडळी खाली माना घालून उभी होती. त्यांना माझी दया येत असावी. राधेश्यामचे तर खांदे हलत होते.

“डबा आज स्वच्छ आहे. खरं की नाही?” साहेबांनी विचारले.

“खरे आहे,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? “परंतु महोदय, काल आम्ही सर्वांनी मिळून—”

“नंदाबाई लई मेहनत घेती, साब,” गयासोद्दीन मध्येच म्हणाला. “आम्ही नुस्ता पूजेपुरता हात लावला.”

हे यथार्थ नव्हते. मी दुरुस्ती करण्यासाठी तोंड उघडले, तोच दैवशालाने प्रसादाचा शिरा हातावर न देता थेट माझ्या मुखात घातला. आणि घातला तोही मोठा गोळा. मुखात प्रसाद असता बोलणे हा अधिक्षेप होय. मी गिळेपर्यंत साहेबांनी लिहून टाकले: तक्रारीत तथ्य आढळले नाही, डबा सुस्थितीत, सफाई उत्तम. त्याखाली माझी सही घेतली. मी केली. जे डोळ्यांना दिसत होते, ते नाकारणे मला जमले नाही.

साहेबांनी शिरा दोनदा घेतला, माळा घातलेल्या डब्याची छबी काढली आणि गेले. त्यांच्या पाठीमागे डब्यात जो हशा उसळला, तो बदनापूरपर्यंत थांबला नाही. “गुर्जी, परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरनंच पेपर सोडवला की हो!” राधेश्याम म्हणाला.

नंदाबाई मात्र हसली नव्हती. गाडी सुटण्याआधी तिने येऊन माझे पाय धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. तिलाही आमच्या पराभवाचे इतके वाईट वाटावे, याने मी गहिवरलो. म्हणालो, “खेद करू नकोस. आपण पुन्हा तक्रार करू.”

“नगं, गुर्जी!” ती किंचाळलीच. “तुमच्या पाया पडते, आता नगं!”

पुढे गयासोद्दीनने एक गोष्ट ठरवून टाकली. रोज एका प्रवाशाने अर्धा तास आधी येऊन नंदाबाईबरोबर हा डबा पुसायचा. प्रत्येकाचा वार ठरलेला. मला मंगळवार मिळाला.

मुदतीचा उद्या शेवटचा दिवस. डबा बदलणार नाही, आणि तो बदलणार या भरवशावर मी दोन आठवडे घरी शेते दाखवीत बसलो.

विजयादशमी, मंगळवार

ग्रंथालयाला सुटी, माझ्या पाळीलाही. भारतने आपट्याची पाने हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि उठताना खिशातून मोबाईल काढला. राधेश्यामने ती चित्रफीत कोणाला तरी पाठवली. त्याने आणखी कोणाला. अखेर ती जुन्या जालन्यातील कापडवाल्यांत पोहोचली. चित्रात मी काचा मारून गुडघ्यांवर होतो. पुढच्या दृश्यात शौचालयाच्या दारात बादली घेऊन.

“गाडी वेळेवर असती, आं?” भारत म्हणाला.

मी पाने उलटसुलट करून पाहिली.

“बाजारात चार मान्सं मला इचारून राह्यली, बापाला कामाला लावलं का म्हणून. उद्या मी येतो तुमच्यासंगं. बघतोच.”

मीना आतून म्हणाली, “मामांचा डबा दोन माणसांचा करते मग.” एवढेच.

शुद्ध एकादशी, बुधवार

भारतला नेमका आजचाच दिवस मिळावा! सोमवारच्या केळीच्या खुंटांचा चिखल झाला होता. झेंडूच्या पाकळ्या तुडवून फरशीला चिकटल्या होत्या, त्यांवर काल सोने लुटून परतणाऱ्यांची आपट्याची पाने, शेंगांची टरफले, पेढ्यांचे कागद. ज्या पूजेसाठी आम्ही डबा धुतला, तिनेच तो पुन्हा भरून ठेवला होता. आज राधेश्यामची पाळी. तो सणाच्या जागरणाने धावतपळत, गाडी सुटताना चढला.

भारत माझ्या शेजारी बसला. बसण्याआधी त्याने आसन पाहिले, मला पाहिले, परत आसन पाहिले. राधेश्याम पायानेच टरफले बाकाखाली सारू लागला.

गाडी सुटली. मला खोकला आला. दाबण्याचा यत्न केला, तो आणखी मोठा आला.

“अण्णा, खरं सांगा. रोज अशीच असती?”

“नाही,” मी म्हणालो. “पूर्वी याहून वाईट असे.”

“मंग घरी काय सांगत होता?”

“वेळेवर असते, हे. आणि शेतांविषयी.”

“कशापायी, अण्णा? आं? ह्या वयात, ह्या घाणीत, खोटं बोलून? तुम्ही?”

माझ्याकडे उत्तर होते. तीन आठवडे मी ते जुळवीत होतो: विद्येचे ऋण, निष्काम कर्म, लुप्त होणाऱ्या अक्षराचे रक्षण. आधार होते, क्रम होता. मी बोलायला लागलो आणि त्यातले एकही तोंडात आले नाही.

“मला जायचे असते, भारत,” मी म्हणालो. “सकाळी उठलो की मला तिथे जायचे असते. आणि या लोकांत बसायचे असते.”

तो खिडकीबाहेर बघू लागला. बदनापूर आले, गेले. कापसाची शेते फुटलेली होती. खरोखरच सुंदर दिसत होती, पण ते सांगण्याचा मला धीर झाला नाही. दैवशालाने पिशवीतून भगर काढून आम्हा दोघांपुढे धरली. भारतने घेतली. करमाडच्या अलीकडे त्याने हात पुसले, कालचे वर्तमानपत्र घडी करून घेतले, आणि वाकून माझ्या बाकाखालच्या पाकळ्या ओढून काढू लागला. कापडवाल्याचा हात, कोपरासुद्धा सोडला नाही.

गयासोद्दीन वरून बघत होता. “शेठ, ऐसा फुकटमें नक्को. नाव लावून करा. उद्याचा दिन खाली हाय. गुरुवार लिहू का तुमच्या नावानं?”

“गुरुवार न्हाई जमत, चाचा,” भारत खालूनच म्हणाला. “गुरुवारी सकाळी दुकानात माल उतरतो. शुक्रवार लावा.”

“शुक्रवार बी राधेश्यामकडंच हाय, त्याचे दोन वार.”

“असू द्या. तो फोटो काढंल, मी पुसंन.”

सगळा डबा हसला. राधेश्याम सर्वांत मोठ्याने. भारत शहरात उतरला, माझ्याबरोबर ग्रंथालयाच्या दारापर्यंत आला, आत न येता परतीच्या बसने दुकानावर गेला. मी आज अकरा पाने लावली.

संध्याकाळी जेवताना तो मालाविषयी बोलला, भावाविषयी बोलला, मीनाशी दिवाळीच्या गर्दीविषयी बोलला. मुदत काल संपली. तिच्याविषयी तो एक अक्षरही बोलला नाही. उद्यापासून जावे की न जावे, अनुमती आहे की नाही, काहीच कळायला मार्ग नाही. आणि आपण होऊन विचारावे तर नकार यायचा. मीनाला विचारले, तर ती नुसती हसली आणि जुन्या साडीचे चार तुकडे फाडून, पुसायला म्हणून माझ्या पिशवीत भरले.

उद्या तर जाऊन येतो. शुक्रवारी भारत डब्यात असेल, तेव्हा त्याची मनःस्थिती पाहून विचारीन.